बिनकडीचं दार

मुरबाड आणि शहापूर, दोन्ही तालुके पालथे घाला, दार उघडल्याचा आवाज माझ्याइतका सरस काढणारा माणूस सापडायचा नाही. ही बढाई नाही, खरं आहे. आता तो धंदा दुसरं कोणी करतच नव्हतं, त्यामुळे पहिला नंबर मला बसल्याजागी मिळाला, ही गोष्ट निराळी.

मी केरू. मुरबाडच्या एस.टी. स्टँडसमोर स्टोव्ह दुरुस्त करतो. म्हणजे लोक स्टोव्ह मोडलाय की काय या शंकेनं येतात आणि मी त्यांची शंका घालवून देतो. शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावली, तिथं माझं शिक्षण थांबलं आणि मास्तरांचं नाचणं सुरू झालं. छप्पन सालानंतर आमच्या वाड्यानं दीक्षा घेतली, तेव्हापासून भूत-पिशाच्च मानायचं नाही असं ठरलंय. मी ते तंतोतंत पाळतो. फक्त भुतांना तसं कोणी कळवलेलं दिसत नाही.

तर माझ्या आवाजाच्या धंद्याबद्दल. फार पूर्वी म्हशाच्या जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. मुका सिनेमा. तिकडं मुंबईत चित्रं बोलायला लागली होती, पण आमच्या बाजूला बोलती मशीन पोचायला वेळ होता. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा बांधायचा आणि त्याच्यावर पाणी मारायचं. ओल्या पडद्यावर चित्र दोन्ही अंगांनी दिसतं. समोर गावकी बसायची. पाठीमागं बायका आणि आमची माणसं. पाठीमागून सगळं उलटं. राजा डाव्या हातानं तलवार मारायचा, राणी डाव्या हातानं जेवायची. मोठी माणसं डावखुरी असतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पण आवाज काढणारा पाठीमागंच बसायचा, आणि मिसरूड फुटायच्या आत ते काम माझ्याकडं आलं. करवंट्या आपटल्या की घोडा, पत्रा हलवला की वीज. फळीवर ठोकलेली एक कडी होती, ती कोयंड्यातून सरकवली की दार. लोकांना घोडा आवडायचा. मला दार आवडायचं. कडीचा आवाज आला की शेकडो माणसं एकदम मान वर करायची, आता कोण येतंय म्हणून.

पाठीमागच्या बायकांत वैशाखरे गावची भागी असायची. बांबूला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढून. एका कानाची पाळी फाटलेली, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके. ती फक्त मिस रत्नलेखाच्या खेळाला यायची. पडद्यावर रत्नलेखा कड्यावरून घोडा फेकायची, सगळा तंबू आरडायचा, आणि भागी हूं की चूं करायची नाही. खेळ संपला की अंधारात वैशाखऱ्याची वाट धरायची. बायका कुजबुजायच्या. कारण मिस रत्नलेखा म्हणजे भागीची लेक जिवली.

जिवलीचा बाप गवताच्या गाड्या घेऊन कल्याणला जायचा. ते गवत पुढं मुंबईच्या तबेल्यांत. पोर गाडीबरोबर जायची. तबेल्यात तिला बिनखोगीर घोड्यावर बसलेली कुणा कंपनीवाल्यानं पाहिली. कंपनीला घोड्यावरून पडणारी बाई पाहिजे होती, मिळाली न पडणारी. झालं, गवताची गाडी परत आली आणि जिवली राहिली. पुढं तिची चित्रं भिंतींवर लागली, नाव बदललं, अंगावर जरी आली. ती नुसती भुवई उचलायची आणि पुढच्या रांगेतले पाटील पागोटी सावरायचे.

मग चित्र बोलायला लागलं. कंपनीत तिच्यासमोर बोलायचं यंत्र ठेवलं आणि साहेब म्हणाला, राणीसारखं बोल. जिवली बोलली, "आमी नाय येनार." सगळे हसले. इतके हसले की तिला काढूनच टाकलं.

ती वैशाखऱ्याला परत आली तेव्हा दार बंद होतं. आत चूल पेटलेली. नाचणीच्या भाकरीचा वास बाहेर येत होता. उन्हं कलेपर्यंत जिवली दार ठोकत होती. भागीनं कडी काढली नाही. सिनेमात गेलेल्या पोरीला घरात घेतली तर भावकी वाळीत टाकील, या भयानं असेल, रागानं असेल. जिवली आटगावला मावशीकडं गेली. भागी मेली तेव्हाच तिला कळलं की आई दर साली म्हशाला जाऊन पडद्याच्या पाठीमागं बसायची.

भावानं घर तिला दिलं. तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर दाराची कडी उपसून काढली. मला तेव्हा खेळासाठी नवी कडी पाहिजे होती. आमची जुनी पार वाकली होती. मी विचारत विचारत तिच्या अंगणात गेलो. तिनं कडी-कोयंडा माझ्या हातावर ठेवला.

"ने. या घराला नको कडी. तिकडं वाजव."

अगदी शेवटच्या दिवसापर्यंत तिच्या तोंडचं एवढंच मी ऐकलं. पुढं ती बोलणंच विसरली म्हणा ना. सगळं हातानं आणि डोळ्यांनी. बाजारात वांगी महाग वाटली तर असा हात कपाळाला लावायची की वांगीवाली रडवेली होऊन भाव उतरवायची. दार तसंच, बिनकडीचं. दुपारी पाट्याचा दगड लावायचा, वाऱ्यानं उघडलं तर उघडलं.

तंबू बुडाला तेव्हा मालक मशीन माझ्या गळ्यात टाकून पळाला. मशीन माळ्यावर गेलं. कडीची फळी दुकानात खिळ्याला टांगली. गिऱ्हाईक फार डोकं खायला लागलं की मी ती हळूच वाजवतो. माणूस दचकून मागं बघतो, तेवढ्यात मी स्टोव्हला टिचकी मारून म्हणतो, झाला दुरुस्त.

आता सत्त्याण्णव सालावर येतो. पौष महिना, म्हशाची जत्रा नुकतीच उठलेली, हवेत गारठा. मी बर्नरमध्ये पिन घालत बसलो होतो, तेवढ्यात मेघा आली. जिवलीच्या भावाची नात. वाशिंदला कारखान्यात कामाला आहे. रजा टाकून म्हातारीजवळ राहिली होती.

"नाना, तुमची मशीन चालते का अजून?"

"मशीन चालते गो. मीच चालत नाय."

ती हसली नाही. तेव्हा मी पिन खाली ठेवली.

"डॉक्टर बोलले, आता घरीच असू द्या," मेघा म्हणाली. "पण आजीचा जीव अडकलाय. कणगीच्या मागं फिल्लमचा डबा निघाला. तिच्या शेवटच्या सिनेमाचं शेवटचं रीळ. कंपनीतल्या कोणी तरी आठवण म्हणून दिलेलं. तिनं ते कधी बघितलंच नाय."

"यवढी वर्सं डबा ठेवला आनि बोलली नाय? मी हिथं मशीन घेऊन बसलोय!"

"बोलते कुठं ती? आता डब्याकडं बोट करते नि मूठ वळून अशी ठोकते. हवेत."

मेघानं आजोबांकडनं ऐकलेलं समजावून सांगितलं ते असं. त्या सिनेमाच्या शेवटी पोर आईच्या घरी परत येते आणि दार ठोकते. जिवलीनं ठोकलं, तेवढं चित्र घेतलं. आतून आई दार उघडते तो तुकडा दुसऱ्या दिवशी घ्यायचा होता, आईचं काम करणाऱ्या बाईला घेऊन. त्याच्या आधीच जिवलीला काढलं. पुढं तो तुकडा घेतला की नाही, दार उघडलं की नाही, तिला ठाऊक नाही.

"तेवढं एक तिला बघायचंय, नाना. दार उघडतं का."

"नि नाय उघडलं तर?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले." मेघानं आवाज उतरवला. "मोतीबिंदूनं तिला नुसता उजेड नि सावली कळते. पण कान शाबूत हायेत..."

आम्ही दोघांनी एकदमच खिळ्याकडं बघितलं. फळी टांगलेली होती. कडी सुटी लोंबत होती.

जन्मभर मी लोकांना फसवलं, पण फसव म्हणून कुणी घरी बोलवायला आलं ते पहिल्यांदाच. मी लगेच धोतर झटकलं.

गाडी काळूरामची. काळूराम झोपेत जीप चालवतो, आणि जागा असला तर त्याहून वाईट. मशीनचा दिवा पेटवायला त्याच्याच जीपची बॅटरी लागणार होती, म्हणून त्यालाही कटात घेतला. वाटेत मी त्याला पढवत होतो. "माझा एक हात हँडलवर, एक हात फिल्लमवर. फळी तुझ्या मांडीवर. मी लाथ मारली का कडी सरकवायची. पयला हळू, मंग खाडकन."

"लाथ कशाला? हाक मारा की नाना."

"हाक म्हातारीला ऐकू येईल, येड्या!"

वैशाखऱ्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता, माळशेजच्या डोंगरावर शेवटचं ऊन उरलं होतं. घर गावापासून सुटं, गवताच्या माळावर. गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि वारा आला की सगळा माळ एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखा वाटायचा. धुकं आत्तापासूनच खाली उतरत होतं. दार नुसतं लोटलेलं.

जिवली खाटेवर. एवढीशी झालेली, कापसाच्या वातीसारखी. मला बघून, म्हणजे माझी सावली बघून, तिनं एक भुवई उचलली. देवाशपथ सांगतो, देव मानत नाही तरी सांगतो, मी डोक्यावरची टोपी सावरली.

मी डबा उघडला. आंबट, कुबट वास खोलीभर झाला. पावसात भिजून तसेच सुकलेले मोजे असावेत तसा. ही जुनी फिल्लम म्हणजे निव्वळ बंदुकीची दारू असते. दिव्यासमोर थांबली की पेटली. म्हणजे एकदा हँडल मारायला घेतलं की रीळ संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. आणि पुन्हा दाखवतो म्हणायचीही सोय नव्हती. फिल्लम हाताला पापडासारखी लागत होती.

मेघानं खोलीच्या मधोमध धोतर बांधलं. पाणी मारलं. मी खाट पडद्यासमोर ओढायला गेलो, तर जिवलीनं हात वर केला. सिनेमात फौज थांबवायची तसा.

"पाठीमागं," ती म्हणाली.

पत्र्यावर पान घसरावं तसा आवाज. मेघानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आये... तिकडंच बसायची."

खाट पाठीमागं नेली. मेघा तिच्या उशाशी बसली. समोर मशीन, मी आणि काळूराम. जन्मभर मी पडद्याच्या पाठीमागं बसलेला माणूस. दीक्षेनंतर समोर बसायला कुणाची बंदी नव्हती, तरी सवयीनं पाठीमागंच. समोरून खेळ बघायची ती माझी पहिलीच वेळ.

बॅटरी जोडली. मी हँडल फिरवायला घेतलं. कर्र कर्र कर्र...

पडद्यावर आधी नुसत्या रेघा, पाऊस पडल्यासारख्या. मग त्यातून एक डोंगर वर आला. मग घोडा. त्याच्यावर जिवली. काय सांगू! पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि ती दौडत येत होती ते गवत तसलंच, वाळलेलं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळणारं. ते चित्र मुंबईकडं कुठं तरी घेतलेलं असणार. पण मला वाटलं, उठून दार ढकललं तर ती ह्याच माळावर दिसंल. खोलीत धुकं शिरलं होतं, कौलांतून. दिव्याचा झोत त्याच्यातून जाताना दुधासारखा दिसत होता. मला तर झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठं तरी असल्यासारखं होत होतं. हात मात्र फिरत होता.

ती घोड्यावरून उतरली. अंगण ओलांडून दारापाशी आली. लाकडी दार, दोन फळ्यांचं. तिनं मूठ वळली आणि ठोकलं.

आवाज नाही. मुका सिनेमा.

परत ठोकलं. मान वळवून तिनं आमच्याकडं बघितलं, आणि परत दाराकडं. मी रिळाकडं नजर टाकली. फिल्लम थोडीच राहिली होती. दार तसंच. मी डाव्या पायानं काळूरामला लाथ मारली.

काळूराम घोरत होता.

आणखी एक लाथ. त्याची मान दुसऱ्या खांद्यावर पडली, एवढंच. फळी त्याच्या मांडीवर, माझ्या हातापासून वीतभर लांब. हँडल सोडलं तर फिल्लम पेटणार. ओरडलं तर म्हातारीला कळणार. तोंडानं आवाज काढावा म्हणून मी ओठ उघडले. तर जन्मभर माकडापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांची नक्कल केलेलं हे माझं तोंड, त्यातून वारासुद्धा निघेना.

पडद्यावर ती ठोकत होती. तिचे खांदे आता पडले होते...

तेवढ्यात कडी वाजली.

पडद्यापलीकडून. माझी कडी मी ओळखतो हो. तिची जीभ झिजलेली आहे. आधी खर्रर्र करून घासते, मग खाडकन सुटते. तशीच वाजली. पाठोपाठ पडदा आमच्या बाजूला फुगला, बंद घराचं दार उघडल्यावर आतली हवा बाहेर येते तसा. त्या हवेला नाचणीच्या भाकरीचा वास होता. गरम, चुलीवरनं आत्ता उतरवलेल्या. मेघानं त्या दिवशी चूल पेटवली नव्हती.

आणि पडद्यामागून कुणी तरी म्हणालं, "आले गो आये."

आवाज पोरीचा होता.

माझ्या बाजूला दार बंदच होतं. अगदी शेवटपर्यंत बंद. पण त्याच्यासमोर जिवली नव्हती. माझी पापणी लवली तेवढ्यात गेली असंल. रिकामं अंगण, बंद दार, एका बाजूला उभा घोडा. मग फिल्लमचं शेपूट फडफडायला लागलं आणि पडदा पांढराफेक झाला.

काळूराम जागा झाला. "संपला? दार काय उघडलं नाय बा शेवटपरंत."

"तू झोपला व्हतास ना रे?"

"येक डोळा उघडा व्हता, नाना."

मी पडद्याच्या पाठीमागं गेलो. जिवली पडद्याकडं तोंड करून पडली होती. श्वास नव्हता. ठोकायला वळलेली मूठ उघडी पडली होती, कुणी हातात हात घेतल्यावर बोटं सैल होतात तशी. मेघा उशाशी बसलेली. रडत नव्हती. पडद्याकडंच बघत होती, तिथं आता नुसता पांढरा उजेड होता तरी.

"बघितलंत ना, नाना?" ती हळूच म्हणाली. "उगाच घाबरत होतो आपण. उघडलं की दार."

"हां... उघडलं."

"पण आई तरुण कोणी तरी घ्यायची ना सिनेमात. केवढी म्हातारी घेतलीय! पदर हा इथपर्यंत. एक कान फाटका. हनुवटीवर गोंदलेलं..."

मी खाटेच्या दांडीला धरून उभा राहिलो. भागीचा फोटो कुणी कधी काढला नव्हता. तिला डोळ्यांनी बघितलेलं माणूस त्या मुलखात मी एकटाच उरलो होतो. आणि साऱ्या जन्मात ज्या दिवशी समोर बसलो, नेमका त्याच दिवशी खेळ पाठीमागं झाला.

"काय बोलली नाय ती," मेघा म्हणाली. "नुसता हात धरून आजीला आत घेतली. नि दार लावून घेतलं."

पोरीला वाशिंदला परत जायचं होतं, कामावर, माणसांत. असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नये. म्हणून मी नेहमीचं हसू तोंडावर आणलं. माझ्याकडं दुसरं औषध नव्हतं.

"अगो, तो माझा खेळ! कडी मीच वाजवली. ठरलं व्हतं ना आपलं? अंधारात मानसाला काय पन दिसतं. थांब, दावतो तुला, अशी वाजवली."

काळूरामच्या मांडीवरनं फळी उचलली आणि तिच्यासमोर धरली. कडी कोयंड्यात बसलेली होती. घट्ट. मी ती कधीच लावून ठेवत नाही. खिळ्यावर सुटी लोंबत असते, सगळ्या मुरबाडनं बघितलेली आहे. मी अंगठ्यानं ढकलली. मग दोन्ही हातांनी. मग स्टोव्हची पिन काढून घातली. पिन वाकली.

"गंजली वाटतं," मी म्हणालो. "जुनं लोखंड. थंडीनं आवळतं... जरा ग्यासतेल सोडलं का..."

मेघानं माझ्या हातांकडं बघितलं. मग लहान पोराला सांगावं तसं, अगदी सावकाश म्हणाली,

"आतून लावलेली कडी बाहेरनं कशी निघंल, नाना?"